सेटवरची गल्ली आणि मिरजेची गल्ली

मागच्या श्रावणात मिरजेत सितारमेकर गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. आत एक वयस्कर कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन त्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, घासत होते. बाहेर रिमझिम, आत पिवळा दिवा, वर तुळईला टांगलेले वाळके भोपळे. तेवढ्यात कॉलेजची तीन-चार मुलं गल्लीत शिरली. एकाच्या गळ्यात चांगल्यापैकी कॅमेरा होता. दुकानासमोर येताच तो थबकला आणि मित्रांना म्हणाला, "अरे बघ की, एकदम सेट लावल्यासारखं आहे!" मग त्यानं अदबीनं विचारलं, "काका, जरा वर बघता काय?" काकांनी वर बघितलं. फोटो झाला. मुलं "थँक्यू काका" म्हणून पुढं गेली आणि काकांची कानस पुन्हा सुरू झाली.

त्या मुलाचा मला राग आला नाही. उलट त्याची नजर चांगली होती. दिव्याचा उजेड भोपळ्याच्या गोलाईवरून कसा उतरतोय, हे त्याला दिसलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत नाही. पण 'सेट लावल्यासारखं' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. सेट लावणारा माणूस कशाकडं बघून सेट लावतो? अशाच गल्लीकडं बघून. तिथल्या भिंतीवरचा धूर, तारांचा गुंता, उंबऱ्याला पडलेली खाच हे सगळं तो अभ्यासतो, मोजतो, चितारतो, तेव्हा कुठं पडद्यावरची गल्ली खरी वाटते. आणि आपण मात्र खऱ्या गल्लीत उभे राहिलो की तिला सेटची उपमा देतो. म्हणजे मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, याचाच आपल्याला विसर पडत चाललाय.

माझं म्हणणं असं आहे की, गजबजलेल्या शहरांवर आणि बारीक कारागिरीवर जीव टाकणारे जे हजारो सिनेमावेडे आपल्या भागात आहेत, त्यांनी आपल्या पेठांच्या बाजूनं उघड बोललं पाहिजे. जुन्या पेठांमधले रस्ते रुंद करा, दाटीवाटीतले कारखाने गावाबाहेर एमआयडीसीत न्या, गल्ल्या मोकळ्या करा, असा सूर दर काही वर्षांनी निघतो. त्या वेळी बोलतात ते फक्त व्यापारी, बिल्डर आणि गाडी लावायला जागा न मिळालेले लोक. ज्यांना त्या दाटीतलं सौंदर्य कळतं ते गप्प असतात, कारण त्यांना ते पडद्यावरच बघायची सवय लागलेली असते. मी त्यांच्यातलाच एक आहे, म्हणून हे लिहितोय.

मी सांगलीत वाढलो. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर टॉकीज होतं, आणि त्याच्या मागच्या बोळात बॅनर रंगवणारे पेंटर बसायचे. सिनेमा बघायला पैसे नसले तरी तो बोळ फुकट होता. पेंटर एका छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायचे, समोर ताणलेल्या कापडावर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखायचे, आणि एकेक चौकट भरत जायचे. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फराटे. निळ्या रंगात गाल, हिरव्यात कानाची पाळी. मला वाटायचं, हे चुकतंय. शेवटी ते नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका टेकवायचे आणि म्हणायचे, "जा, रस्त्यापलीकडं जाऊन बघ." मी पळत जायचो, वळून बघायचो, आणि तिथून नायकाचा चेहरा माझ्याकडं बघत असायचा. कारागिरी म्हणजे काय याचा पहिला धडा मला त्या बोळात मिळाला, आणि तो सिनेमाच्या वेडामुळं मिळाला.

म्हणून 'पिक्चरचं याड' म्हणून जे हिणवतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. हे वेड डोळा घडवतं. आजही आम्ही सहा-सात जण शनिवारी रात्री एकाच्या घरी जमतो आणि सिनेमा थांबवून-थांबवून बघतो. नायक काय बोलतोय यापेक्षा त्याच्या मागच्या भिंतीवर काय लावलंय याच्यावर आमचे वाद होतात. दुकानाच्या पाटीचा गंज रंगवलेला आहे की खरा? जिन्याच्या कठड्याला हाताच्या उंचीवरच तेवढी चकाकी का आहे? कुणीतरी बसून विचार केलेला असतो की, शंभर माणसांनी रोज हात फिरवला तर लाकूड नेमकं कुठं गुळगुळीत होईल. पडद्यावर दोन सेकंद दिसणाऱ्या जागेसाठी कुणीतरी दोन दिवस राबलेलं असतं. हे ज्याला दिसतं, त्याला मिरजेतल्या कारागिराची बोटं दिसायला हवीत. दोन्हींकडं लागणारी नजर एकच आहे.

आणि आपल्याकडं तरी नाटक-सिनेमा आणि कारागिरी कधी वेगळी होती? ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' करणारे विष्णुदास भावे आपण आद्य नाटककार म्हणून पाठ केले, पण ते लाकडाच्या बाहुल्या घडवणारे कसबी कारागीर होते, हे शाळेत कुणी ठासून सांगितलं नाही. कृष्णेच्या खाली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा तयार केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांसमोर आला. पेंटर हे त्यांचं मूळ आडनाव नव्हतं, मिस्त्री होतं. लाकूड, धातू, रंग यांत हात मळलेल्या माणसानं आपल्या भागातला सिनेमा सुरू केला. पुढं व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आपला सिनेमा कार्यशाळेत जन्मला, आणि ती कार्यशाळा भर गावात होती.

आता गर्दीच्या शहराविषयी. आमच्या त्या शनिवारच्या मंडळात सगळ्यांची एक लाडकी गोष्ट आहे, ती म्हणजे हाँगकाँगमधली कौलून वॉल्ड सिटी. ही गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. हाँगकाँगभोवतीचा मुलूख इंग्रजांनी १८९८ मध्ये चीनकडून भाडेपट्ट्यानं घेतला, पण त्यातली एक जुनी चिनी गढी करारातून वेगळी राहिली. कागदावर ती चीनची, भोवती सगळं इंग्रजांचं. त्यामुळं तिथं धड कुणाचाच अंमल चालेना. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित येत गेले, घरावर घर चढत गेलं. जेमतेम साडेसहा एकरांत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या उसाच्या फडाएवढ्या जागेत, १९८७ च्या मोजणीत सुमारे ३३ हजार माणसं राहत होती. इमारती चौदा मजल्यांपर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या, कारण जवळच्या विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जात. एकीला दुसरी टेकलेली, त्यामुळं तळमजल्यावरच्या बोळांत दिवसाही दिवे लागायचे. त्या बोळांत माशांचे गोळे वळणारे, प्लॅस्टिक आणि धातूची कामं करणारे, बिनपरवान्याचे दात काढणारे अशी शेकडो माणसं राबत होती. १९९३-९४ मध्ये ती सगळी वस्ती पाडली आणि तिथं बाग केली.

ती पाडल्यावर तिचं खरं वेड सुरू झालं. जगभरच्या सिनेमांनी, व्हिडिओ गेमनी तिची नक्कल केली. जपानमधल्या कावासाकी शहरात एक गेम खेळायचं मोठं केंद्र २०१९ पर्यंत चालू होतं, ते आतून त्या वस्तीसारखं सजवलं होतं. गंजलेल्या पेट्या, मळक्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, सगळं मुद्दाम तयार केलेलं. २०२४ मध्ये आलेल्या हाँगकाँगच्याच एका मारधाडीच्या सिनेमासाठी ती वस्ती पुन्हा उभी केली होती, आणि २०२५ मध्ये त्या सेटचे भाग त्याच बागेत लोकांना बघायला मांडले. ज्या जमिनीवरून खरी वस्ती उचलली, त्याच जमिनीवर तिचा सेट आणून ठेवला. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला ती हाँगकाँगची वाटली नाही, आपलीच वाटली. तीस वर्षांनी मिरजेच्या एखाद्या मॉलमध्ये 'जुनी सितारमेकर गल्ली' नावाचा देखावा असेल, प्लॅस्टरचे भोपळे टांगलेले असतील, पाठीमागं रेकॉर्ड केलेला तंबोरा वाजत असेल, आणि घोडी घासणारं कुणी उरलेलं नसेल.

कौलूनबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आमच्या मंडळात ती कुणी बोलत नाही. तिथलं जगणं हलाखीचं होतं. बहुतेक घरांत नळ नव्हते, सांडपाणी बोळांतून वाहायचं, वरून कचरा पडायचा, दमट अंधारात मुलं वाढायची. ती वस्ती पाडल्यावर हायसं वाटलेले लोकही होते. तेव्हा 'दाटी सुंदर असते' एवढं म्हणून कुणी माझ्याजवळ येऊ नये. दाटीत राहणाऱ्याला उजेड लागतो, पाणी लागतं, गटार लागतं. प्रश्न एवढाच आहे की ते दिलं गेलं का, की ते देण्याच्या नावाखाली माणसंच उचलली गेली.

मिरजेत दाटीनं काय घडवलं, ते आता बघू. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे लोक. शस्त्रांचे दिवस संपले तसं त्यांचं काम संपत आलं. एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानच्या आश्रयानं यांतल्या फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या भावानं तंबोरे-सतारी करायला सुरुवात केली. पुढं त्यांच्या घराण्याचं नावच सितारमेकर झालं. लोखंडाला धार लावणारा हात लाकडाकडं वळला, आणि त्या हातातला बारकावा वाया गेला नाही.

पण नुसत्या हातानं गल्ली तयार होत नाही. त्याला गिऱ्हाईक लागतं, कान लागतो. मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत. मुंबई-पुण्याकडून येणारा आणि हुबळी-धारवाडकडं जाणारा गवई मिरजेत उतरायचाच. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथं स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेल्यावर इथल्या मिरासाहेब दर्ग्यातच त्यांना दफन केलं, आणि मिरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या नावानं आजही गाणं होतं. म्हणजे एका बाजूला स्टेशन, एका बाजूला दर्गा, मधे पेठ, आणि पेठेत कारागीर. गवयानं सकाळी तंबोरा दुरुस्तीला टाकायचा, दिवसभर दुकानात बसून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढून घ्यायची, रात्री त्यावर गायचं, आणि काही खटकलं तर सकाळी परत गल्लीत यायचं. असं शंभर-दीडशे वर्षं चाललं तेव्हा मिरजेचा तंबोरा झाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदावर 'भौगोलिक' हा शब्द आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. या वाद्याचा भूगोल म्हणजे ती गल्ली आहे. गल्ली उठली की मानांकनाचा कागद फ्रेम करून भिंतीला लावण्यापुरता उरेल.

त्या दिवशी पायरीवर बसून मी जे पाहिलं ते सांगतो. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, घोडी बसवलेली असते, तिच्या माथ्यावरून तारा जातात. तो माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला एक अगदी हलका उतार असतो, नखानंही जाणवणार नाही इतका. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून तो झंकार निघतो ज्याला आपण जवारी म्हणतो. काका कानशीचे चार हात मारायचे, फुंकर घालायचे, तार छेडायचे, कान खाली न्यायचे. पुन्हा चार हात. मग तार आणि घोडीच्या मधे सुती दोरा सरकवायचे. दोरा केसभर पुढं घेतला की आवाज बंद, केसभर मागं घेतला की आवाज मोकळा. "दोऱ्यानं जीव येतो," ते म्हणाले, "पण जागा आधी घोडीत पाहिजे. घोडीत जागा नसंल तर दोरा काय करणार?" त्यांच्या समोरच्या दुकानातून एक तरुण उठून आला, न विचारता तार छेडली, मान हलवली आणि म्हणाला, "पंचम अजून बसलेला नाही, चाचा." काकांनी परत कानस घेतली.

माझा सगळा मुद्दा त्या एका मान हलवण्यात आहे. समोरचा माणूस आपल्या दुकानातून ऐकत होता. गल्ली आठ-दहा फुटांची आहे म्हणून त्याला ऐकू आलं. तीच गल्ली चाळीस फुटांची केली, मधून रिक्षा-ट्रक सोडले, तर समोरच्याला पंचम ऐकू येणार नाही. एमआयडीसीत प्रत्येकाला पत्र्याची वेगळी शेड दिली, कुंपण घातलं, तर तो उठून यायचा नाही. एक जण दांडी-भोपळा जोडण्यात वाकबगार, दुसरा वेलबुट्टी कोरण्यात, तिसरा पॉलिशमध्ये, चौथ्याचा कान पक्का. मुलं शाळेतून येऊन दप्तर टाकतात आणि बघत बसतात. हे शिक्षण कोणत्याही वर्गात होत नाही, ते येता-जाता होतं. तून लाकूड कुठून आणायचं, मंगळवेढा-पंढरपूरकडचा कोणता भोपळा कोणत्या वाद्याला, मर्दानी तंबोऱ्याला किती घेर आणि जनानीला किती, हे सगळं ज्ञान त्या आठ-दहा फुटांत हवेसारखं भरलेलं आहे. शहर नियोजन करणाऱ्याच्या नकाशावर तिथं फक्त 'अरुंद रस्ता' एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्याच जिल्ह्यातला याचा दुसरा पुरावा विट्याकडचा आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके. इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. आज देशातल्या जवळजवळ कुठल्याही मोठ्या सराफ कट्ट्यात जा, गलाईवाला आपल्याकडचा सापडतो. त्यांनी भट्टी माळरानावर का टाकली नाही? जागा तर गावाकडं भरपूर होती. कारण सोन्याचं काम विश्वासाचं आहे, आणि विश्वास शेजाराचा असतो. सराफाच्या दुकानापासून पन्नास पावलांवर भट्टी पाहिजे. माझा एक वर्गमित्र ऐन विशीत मुंबईला झवेरी बाजारात गेला. दहा बाय दहाची खोली, दिवसा तिथंच मूस तापायची, रात्री तिथंच पाच जण झोपायचे. रविवारी सगळे मिळून सिनेमाला जायचे. तो म्हणायचा, "पडद्यावर गर्दी दिसली की बरं वाटायचं, आपलीच वाटायची." गावाकडचं मोकळं रान सोडून आलेल्या मुलाला गर्दी आपली वाटली, कारण तिनं त्याला हुन्नर दिला होता, पोट दिलं होतं.

सातारा-सांगलीच्या किती घरांतून मुंबईच्या गिरणगावात माणसं गेली, हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गंमत नाही, पण योगायोग मोठा आहे: त्याच वर्षी अमेरिकेत 'ब्लेड रनर' हा सिनेमा आला, ज्यातलं दाट, ओलं, दिव्यांनी लखलखणारं शहर आजही जगभरचे सिनेमावेडे आदर्श मानतात. ते शहर स्टुडिओतल्या जुन्या रस्त्याच्या सेटवर पाइप, तारा, पाट्या चढवून आणि इमारतींची लहान लहान प्रतिकृती करून उभं केलं होतं. तिकडं माणसं हातानं गर्दीचं शहर घडवत होती, आणि इकडं गर्दीच्या शहरातून हातांना बाहेर काढलं जात होतं. पुढं लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेत मॉल झाला, त्यात मल्टिप्लेक्स आलं. ज्या जमिनीवर आमच्या आजोबा-चुलत्यांनी पाळ्या केल्या, तिथं आपण तिकीट काढून शहरांचे देखावे बघतो. मी स्वतः तिथं सिनेमा बघितलाय. खुर्ची मऊ होती, आणि पडद्यावर चाळ होती.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही, कारण ते माझ्या घरात घडलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या काकूंना पहाटे छातीत कळ आली. रुग्णवाहिका चौकापर्यंत आली, आत येईना. आम्ही चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बोळातून उचलत नेलं. काकू वाचल्या, पण त्या तीनशे पावलांत मी काय काय विचार केला हे मलाच माहीत. तेव्हा ज्या बाईला असं उचलून न्यावं लागलं तिच्या तोंडावर 'गल्ली जपा' म्हणायला हिंमत लागते. पण त्या पहाटे वाट अडवली होती ती गल्लीच्या भिंतींनी नाही. गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली एक चारचाकी आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या दोन मोटारसायकली, यांनी अडवली होती. भिंती दोनशे वर्षं जिथं होत्या तिथंच होत्या. रस्ता रुंद केला असता तर तिथं चार चारचाकी लागल्या असत्या. आपल्या शहरातले रुंद केलेले रस्ते डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, रुंदी चालणाऱ्याला मिळाली की लावलेल्या गाड्यांना?

पुराचा मुद्दाही असाच. सांगलीत २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला कृष्णा पेठांत शिरली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर 'नदीकाठची जुनी पेठच हलवा' अशी भाषा झाली. पण पाणी नव्या, रुंद रस्त्यांच्या कॉलन्यांतही शिरलं, कारण त्या ओढ्या-नाल्यांवर आणि पूररेषेत उभ्या राहिल्या. दाटीचा दोष नव्हता, जागेचा होता. पूर आला तेव्हा पेठेत कुणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे शेजाऱ्याला माहीत होतं, आणि कठडा ओलांडून त्याला वरच्या मजल्यावर नेता आलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मागायचं काय, तर गल्लीला गल्ली म्हणून जगता येईल अशा सोयी. चारचाकीला पेठेच्या तोंडाशी थांबा, माल उतरवायला पहाटेची ठरावीक वेळ. डोक्यावरच्या वीजतारा जमिनीखाली, कारण लाकूड, पॉलिश आणि स्पिरिटच्या दुकानांवर लोंबणारी तार हा खरा धोका आहे. ठरावीक अंतरावर आगीच्या पाण्याचा नळ, आणि गल्लीत शिरेल अशी लहान रुग्णवाहिका. लाकडाच्या भुशासाठी हवा खेचणारे पंखे. कारागिरांचे खोकले मी ऐकलेत, त्याचं कौतुक नको. शहराच्या विकास आराखड्यात 'कारागिरांची गल्ली' अशी स्वतंत्र नोंद, म्हणजे खाली काम आणि वर घर ही रचना बेकायदा न ठरता तीच नियम ठरेल. सामायिक लाकूड कापायचं यंत्र, लाकूड साठवायची जागा गावाबाहेर जरूर न्या. पण जिथं कान लागतो, जिथं मान हलते, ते काम पेठेतच राहू द्या. जागेचं भाडं परवडेनासं झालं की कारागीर आपोआप उठतो, कुणी नोटीसही द्यावी लागत नाही, हेही धोरण करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आणि सिनेमावाल्यांकडून मागायचं ते वेगळं. साताऱ्याकडं वाई-मेणवलीच्या घाटावर कितीतरी हिंदी-मराठी सिनेमे झाले. सुट्टीच्या दिवशी तिथं गर्दी होते. नायक कुठं बसला होता ते शोधतात, तसाच फोटो काढतात. नाना फडणवीसांच्या त्या घाटावर एक घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेली, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. घाटाच्या पायऱ्यांचे दगड एकमेकांत कसे बसवलेत ते बघावं असं काम आहे. पण बहुतेकांना पडद्यावर दिसलं तेवढंच दिसतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. चौकटीनं आपल्याला तिथपर्यंत आणलं हेही थोडं नाही. पण चौकटीच्या बाहेर पाऊल टाकायचं काम आपलंच आहे. आमच्यासारखी मंडळं गावोगावी आहेत. परदेशी सिनेमातल्या गाड्यांच्या, यंत्रमानवांच्या प्रतिकृती आम्ही हजारो रुपये देऊन मागवतो, काचेत ठेवतो, त्यांच्या रंगातला बारकावा भिंगातून दाखवतो. तेवढ्याच पैशात घरातलं एखादं मोडलेलं वाद्य उभं राहतं. शूटिंगला इथं येणाऱ्या कला विभागानं सुतार, लोहार, रंगारी मुंबईहून टेम्पोत भरून आणण्याऐवजी वाई-मिरजेतून घ्यावेत, एवढा आग्रह जिल्ह्यातले प्रेक्षक, स्थानिक व्यवस्थापक नक्की धरू शकतात.

माझ्या आजोळी, तासगावला, माळ्यावर एक तंबोरा पडून होता. आजीचे वडील भजनाला बसायचे, त्यांचा. दोन खुंट्या नाहीत, भोपळ्याला तडा, तारा गंजून गेलेल्या. गेल्या महिन्यात तो चादरीत गुंडाळून एसटीनं मिरजेला नेला. कंडक्टरनं पुढच्या सीटजवळ उभा ठेवू दिला. काकांनी चादर सोडली, तंबोरा उलटा केला, दांडीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोपळा गेला. नवा घालावा लागंल. तबली पण बदलू. दांडी मात्र जुनी तून आहे, असलं लाकूड आता येत नाही. कुठल्या गल्लीत झालाय तेही सांगतो तुम्हाला, ह्या कोरीव कामावरनं." आणि समोरच्या तरुणाला हाक मारली. तो उठून आला, वाकून दांडीच्या टोकाची पानं बघितली, आणि आपल्या आजोबांचं नाव घेतलं.

मी विसार दिला. तीन महिने लागतील म्हणालेत.